दाब कुठे मोजला?

९ सप्टेंबर २०२४, पुणे

गणपतीचा तिसरा दिवस. दुपारच्या आरतीनंतर भाचा आपलं कॅबिनेट रिक्षात घालून घेऊन आला. पुढच्या खोलीत आरास आहे, म्हणून यंत्र माझ्या टेबलावर मांडलं. तो ॲनिमेशन शिकतो. रात्री ब्लेंडरवर रेंडर लावून झोपतो आणि सकाळी उठून पाहतो तर पडदा निळा. प्रोसेसर जुन्या बाजारातून घेतलेला आहे, इंटेलचा कोअर आय७-८७००के. २०१७ च्या ऑक्टोबरात आलेला, सहा कोअरचा. मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ, एकाच कोअरवर काम असेल तर ४.७ पर्यंत जाणारा. नावातला 'के' म्हणजे गुणक मोकळा. १०० मेगाहर्ट्झच्या ठोक्याला कितीने गुणायचं ते मालकाने ठरवायचं. भाच्याने कुणाचं तरी ऐकून गुणक ५० केला आणि व्होल्टेज १.३५ लिहून टाकलं.

"मामा, तुम्ही आयुष्यभर व्होल्टेज मोजलंत. यातला खरा आकडा कोणता ते सांगा."

आकडे तीन होते. बायोसमध्ये लिहिलेला १.३५०. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये 'व्हीकोअर' म्हणून दिसणारा, तो यंत्र रिकामं असताना १.३४४ आणि रेंडर सुरू झालं की १.२६४. शिवाय 'व्हीआयडी' नावाच्या रकान्यात प्रत्येक कोअरपुढे तिसराच आकडा. सगळ्यांपुढे व्होल्ट लिहिलेलं.

वीज मंडळाच्या उपकेंद्रांवर एकतीस वर्षं काढली. तिथे पहिल्या वर्षी जो प्रश्न शिकलो तोच आज उपयोगी पडला: मोजलं कुठे? उपकेंद्राच्या पॅनेलवर दाब पूर्ण दिसायचा आणि त्याच फीडरच्या शेवटच्या खांबावर शेतकऱ्याची मोटार उचलत नसायची. दोन्ही मीटर बरोबर असायचे. भाच्याला म्हटलं, तिन्ही खरे असू शकतात. आधी कोण कुठून बोलतंय ते शोधू. तोवर सगळी सेटिंग मूळ पदावर आणून ठेवली.

१२ सप्टेंबर

आज व्हीआयडीचा उलगडा केला.

व्हीआयडी ही प्रोसेसरची मागणी. अमुक वेगाने चालायला मला इतके व्होल्ट लागतील, असं तो मदरबोर्डवरच्या व्होल्टेज रेग्युलेटरला सांगतो. कोणत्या वेगाला किती मागायचं याचा तक्ता प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला असतो आणि तो चिपगणिक वेगळा असतो. एकाच तबकडीतून कापलेल्या दोन चिपांचीही भूक सारखी नसते. म्हणून दुसऱ्याच्या यंत्रावर चाललेलं १.३५ भाच्याच्या यंत्रावर चालेलच असं नाही, आणि पुरेसं असलं तरी ते कदाचित गरजेपेक्षा जास्त असेल.

ही मागणी करण्याची सोय तशी अलीकडची. १९७१ च्या इंटेल ४००४ ला १५ व्होल्ट लागत. ४८६ च्या जमान्यात ५ व्होल्ट सगळ्यांना सरसकट. पुढे दाब उतरत गेला, चिपगणिक वेगळा होऊ लागला आणि बोर्डावर जंपर लावून तो निवडावा लागे. चुकीचा जंपर म्हणजे नवा प्रोसेसर गेला. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये खास पिना आल्या, ज्यांवरून बोर्डाने स्वतःच वाचून घ्यायचं की पाहुण्याला काय वाढायचं. आता ते संभाषण सेकंदाला कितीतरी वेळा चालतं.

भाच्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे व्हीआयडी बघून काहीच कळत नाही?"

कळतं. मागणी काय आहे ते कळतं. ग्राहकाने पाच अश्वशक्तीचा अर्ज केला म्हणून त्याच्या बांधावर तेवढी वीज पोचली असं धरून चालत नाही, इतकंच. तोटा असा की काही प्रोग्रॅम काही बोर्डांवर 'कोअर व्होल्टेज' या नावाखाली हीच मागणी दाखवतात. पाहणारा समजतो की मोजमाप आहे.

१५ सप्टेंबर

सकाळपासून पाऊस. भाचा आला तेव्हा पाटीवर ओहमचा नियम लिहून ठेवला होता.

रिकाम्या यंत्रावर १.३४४ आणि भारावर १.२६४, म्हणजे ८० मिलिव्होल्ट गळाले. त्याला वाटलं होतं की बोर्ड खराब आहे. खेड्यात संध्याकाळी सगळ्या मोटारी सुरू झाल्या की दिवा पिवळा पडतो, हे त्याने आजोळी पाहिलेलं आहे. इथे तेच चाललंय. तारेत प्रवाह वाढला की तारेतच दाब खर्च होतो.

फरक एवढाच की इथला उतार मुद्दाम ठेवलेला आहे. त्याला लोडलाइन म्हणतात. या जातीच्या सहा कोअरच्या चिपांसाठी इंटेलने तो २.१ मिलिओहम ठरवला आहे. आणि प्रवाह? या प्रोसेसरची कमाल मर्यादा १३८ अँपिअर. हा आकडा मी दोनदा वाचला. आमच्या १०० केव्हीए रोहित्राचा लघुदाब बाजूचा पूर्ण भाराचा प्रवाह १३३ अँपिअर असतो. अख्ख्या वाडीला पुरणाऱ्या डीपीतून जेवढा प्रवाह निघतो तेवढा सुमारे दीडशे चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनमध्ये शिरतो! तिकडे दाब ४३३ व्होल्ट, इकडे सव्वा.

१३८ गुणिले २.१ म्हणजे २९० मिलिव्होल्ट. १.३ व्होल्टमधले पाव व्होल्टहून अधिक वाटेत गेले. आमच्या जुन्या नियमांत लघुदाबाला अधिकउणे ६ टक्क्यांची मुभा होती, त्या हिशेबाने हा गुन्हाच. पण कारण आहे. भार एकाएकी सुटला की दाब उसळी मारतो. भारावर असताना दाब आधीच खाली ठेवला असेल तर उसळी छपराला लागत नाही.

हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. नव्वदच्या दशकात एका लांब फीडरवर टेलएंडच्या गावांची रोज तक्रार यायची. मी रोहित्राचा टॅप दोन घरं वर घेतला. संध्याकाळी शेवटच्या गावात मोटारी उचलू लागल्या, लोकांनी आभार मानले. पहाटे मोटारी बंद झाल्या, भार उतरला आणि उपकेंद्राजवळच्या वस्तीत बल्ब उडाले. एका घरातला रेडिओ जळला. ती माझी चूक होती आणि ती मी वरिष्ठांना लिहून दिली. तेव्हापासून भारावरचा दाब वाढवताना बिनभाराचा दाब कुठे जाईल हे आधी पाहतो.

बायोसमध्ये 'लोडलाइन कॅलिब्रेशन' नावाचं जे सेटिंग आहे तो हाच टॅप. पातळी चढवली की उतार कमी होतो, भारावर व्होल्टेज टिकतं आणि पाहणाऱ्याला बरं वाटतं. सगळ्यात वरच्या पातळीवर उतार जवळपास सपाट होतो. मग रेंडरची एक फ्रेम संपून दुसरी सुरू व्हायच्या मधल्या क्षणी जी उसळी येते ती सॉफ्टवेअरला दिसत नाही. ती मायक्रोसेकंदांची असते आणि सॉफ्टवेअर दोन सेकंदांनी एकदा डोकावतं. आपण मधली पातळी ठेवायची असं ठरलं.

जाताजाता आणखी एक गैरसमज दूर केला. इंटेलच्या तांत्रिक कागदात या चिपेसाठी १.५२ व्होल्ट ही कमाल दिलेली आहे. भाच्याच्या मित्राने त्याला सांगितलं होतं की तेवढं द्यायला हरकत नाही. पण ती कमाल मागणीची आहे, आणि तिच्या जोडीला लोडलाइन आहे. १.५२ मागितलं आणि १३८ अँपिअर वाहिले तर २९० मिलिव्होल्ट वजा होऊन चिपेला १.२३ मिळतात. उतार सपाट करून १.५२ पूर्ण भारावर देणं ही वेगळीच गोष्ट झाली. एक ओळ वाचून दुसरी सोडली की असं होतं.

१७ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. घरचा गणपती दुपारी पोचवला. यंत्र बंदच ठेवलं. रात्री उशिरापर्यंत ढोल ऐकू येत होते.

२० सप्टेंबर

आज मीटर लावला. तपकीर गल्लीतून सुईसारख्या टोकाचे प्रोब आणले होते. मल्टिमीटर माझा जुनाच, पण गेल्या वर्षी तपासून घेतलेला.

भाच्याला आधी ताकीद दिली. इथे माणसाला शॉक बसण्याची भीती नाही, दाब दीड व्होल्टसुद्धा नाही. पण प्रोब घसरून दोन बिंदू जोडले गेले तर त्यामागे शंभर अँपिअर उभे आहेत, बोर्ड क्षणात जाईल. काळा प्रोब कॅबिनेटच्या स्क्रूला बांधला, लाल एका हातात, दुसरा हात पाठीमागे. बोलायचं नाही.

गुणक ४७. रेंडर सुरू करून दहा मिनिटं थांबलो, म्हणजे सगळं तापून स्थिर होईल. प्रोसेसर १२२ वॅट घेतोय असं सॉफ्टवेअर सांगत होतं. तोही हिशेबाने काढलेला आकडा आहे, पण १.२२ ने भागलं की प्रवाह शंभर अँपिअरच्या आसपास येतो, अंदाजाला पुरे.

पहिलं माप रेग्युलेटरच्या चोकच्या मुखाशी. बोर्डावर सॉकेटशेजारी ज्या चौकोनी राखाडी वड्या ओळीने बसवलेल्या असतात, त्या चोक. पॉवर सप्लायकडून येणाऱ्या १२ व्होल्टचे तुकडे करून इथून सव्वा व्होल्ट बाहेर पडतात. हे आमचं उपकेंद्र. मीटर म्हणाला १.२६२.

दुसरं माप सॉकेटच्या बरोबर मागे. कॅबिनेटच्या पत्र्याला तिथे खिडकी असते, तिच्यातून बोर्डाच्या पाठीवरचे तांदळाच्या कणीएवढे कपॅसिटर दिसतात. हा टेलएंड, याच्या पुढे चिपच. मीटर म्हणाला १.२२१.

पडद्यावर त्याच वेळी १.२४८.

भाचा बराच वेळ तीन आकड्यांकडे बघत बसला. चोकपासून सॉकेटच्या पाठीपर्यंत अंतर चार बोटं. तेवढ्यात तांब्याच्या थरात ४१ मिलिव्होल्ट गेले, म्हणजे वाटेचा रोध ०.४ मिलिओहम. आणि पडद्यावरचा आकडा या दोघांच्या मधला, कारण बोर्डावरच्या ज्या सेन्सर चिपेकडून तो येतो तिची तार वाटेत कुठेतरी जोडलेली आहे. काही बोर्डांवर ही तार थेट प्रोसेसरच्या गाभ्यातून आणलेली असते, तिथे पडद्यावरचा आकडा कमी दिसतो. अडाणी माणूस म्हणेल की तो बोर्ड व्होल्टेज कमी देतो. प्रत्यक्षात तो पुढच्या खांबावर मोजतो आहे. दोन बोर्डांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही ती यामुळे.

आणखी एक बारकावा. पडद्यावर १.२३२, १.२४८, १.२६४ असेच आकडे येतात, मधले कधीच येत नाहीत. फरक नेहमी १६ मिलिव्होल्टचा. सेन्सरची पट्टीच तेवढ्या अंतराच्या रेघांची आहे. म्हणून १.२४८ वरून १.२६४ झालं म्हणजे दाब तेवढा वाढला असं नव्हे. रेघेच्या अलीकडचा पलीकडे गेला असेल. तिसऱ्या दशांशावर वाद घालणाऱ्यांनी आधी पट्टीच्या रेघा मोजाव्यात.

मीटरलाही मर्यादा आहे. तो सरासरी सांगतो. उसळी पाहायची तर ऑसिलोस्कोप हवा. तो माझ्याकडे नाही.

२४ सप्टेंबर

तीन दिवस एकच काम केलं. प्रत्येक गुणकाला किमान किती व्होल्टवर यंत्र टिकतं ते शोधलं. पद्धत सोपी पण चिकाटीची: गुणक ठरवायचा, व्होल्टेज एक रेघ खाली आणायचं, दोन तास त्याचंच ब्लेंडरचं दृश्य रेंडर करायचं, शिवाय प्राइम९५ हा ताण देणारा प्रोग्रॅम चालवायचा. निळा पडदा आला किंवा विंडोजच्या नोंदवहीत हार्डवेअरची चूक दुरुस्त केल्याची नोंद दिसली, की एक रेघ वर. ही दुसरी खूण महत्त्वाची. यंत्र चालू असतं, पडद्यावर काही दिसत नाही, पण प्रोसेसरने गणितात अडखळून स्वतःला सावरलेलं असतं. मोटार फिरते आहे पण गुरगुरते आहे, तसं.

पूर्ण भारावर पडद्यावर दिसलेले किमान आकडे वहीत असे आले. ४.५ गिगाहर्ट्झला १.१५२. ४.६ ला १.१८४. ४.७ ला १.२१६. ४.८ ला १.२६४. ४.९ ला १.३२८. ५.० ला १.३९२, तिथे तापमान ९६ अंशांवर गेलं आणि मी थांबवलं. १०० अंशांना ही चिप आपण होऊन वेग उतरवते.

आकडे शेजारी लिहिल्यावर भाच्याला स्वतःलाच दिसलं. सुरुवातीला शंभर मेगाहर्ट्झची किंमत ३२ मिलिव्होल्ट, मग ४८, मग ६४. चढ उभा होत जातो. आणि उष्णता व्होल्टच्या वर्गाने वाढते, वर वेगाने गुणायचं. ४.५ वरून ५.० ला गेलं तर वेग ११ टक्के वाढतो आणि उष्णता ६२ टक्के. ४.८ ला थांबलं तर वेग साडेसहा टक्क्यांच्या वर आणि उष्णता २८ टक्के. ४.८ ला दहा मिनिटं घेणारी फ्रेम ५.० ला चोवीस-पंचवीस सेकंद आधी होईल. त्यासाठी जवळजवळ एक चतुर्थांश जास्त उष्णता रात्रभर सोसायची.

"४.८," तो म्हणाला. मी त्याला सुचवलं नव्हतं.

सगळ्यात मोलाची नोंद मात्र वेगळीच आहे. सगळं ऑटोवर ठेवलं तेव्हा बोर्डाने सहाही कोअरवर भार असतानाच्या कारखान्याच्या ४.३ गिगाहर्ट्झलाच १.२१६ व्होल्ट दिले. त्याच दाबावर ही चिप ४.७ चालते. बोर्ड बनवणाऱ्याला कोणती चिप बसणार हे माहीत नसतं. त्यातली सगळ्यात कमकुवतसुद्धा चालली पाहिजे, म्हणून तो हात सैल सोडतो. ज्याला वेग वाढवायचा नाही त्यानेही आपल्या चिपेची खरी गरज एकदा शोधावी. तेवढंच काम कमी उष्णतेत होतं, पंखा शांत राहतो आणि उन्हाळ्यात खोली तापत नाही.

२८ सप्टेंबर

व्होल्टेज देण्याच्या तीन रीती आज त्याच्याकडून करून घेतल्या. कायम, ऑफसेट आणि अडॅप्टिव्ह.

कायम म्हणजे यंत्र झोपलं असलं तरी तोच दाब. चाचणी करताना बरं, रोजच्या वापराला वाईट. ऑफसेटमध्ये चिपेच्या मागणीचा सगळा तक्ताच वर किंवा खाली सरकतो. उणे ऑफसेट देऊन पूर्ण भारावर सगळं ठीक चालतं आणि रात्री कुणी हात न लावता यंत्र बंद पडतं; कारण तळाच्या वेगाला आधीच कमी असलेला दाब आणखी कमी झालेला असतो. अडॅप्टिव्हमध्ये आपण लिहिलेला आकडा फक्त वरच्या टर्बो वेगांना लागू होतो, खालचा तक्ता कारखान्याचाच राहतो. भाच्याच्या कामाला हाच योग्य.

आकडा ऑटोवर सोडला म्हणजे निर्धास्त, असंही नाही. इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊन खराब होऊ लागले, त्याबद्दल तीनच दिवसांपूर्वी कंपनीने सविस्तर लिहिलं. जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे कोअरमधल्या घड्याळाच्या परिपथाची झीज होते, मग पूर्वी पुरणारा दाब पुरेनासा होतो. ऑगस्टमधल्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने मागणीवर १.५५ व्होल्टचं छप्पर घातलं. आताचा ०एक्स१२बी ज्या कारणासाठी आला ते वाचून मी उठून बसलो: यंत्र रिकामं किंवा हलक्या भारावर असताना होणारी जादा मागणी. म्हणजे पहाटेचे बल्ब! ज्यांनी कधी ओव्हरक्लॉकिंगला हात लावला नाही अशा लोकांच्या यंत्रांचंही यात नुकसान झालं. कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. त्याआधी २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले, तेव्हा एसओसी व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घालावी लागली. दोन्ही वेळा जादा दाब ऑटोच्या आड लपलेला होता. मालकाने आकडा लिहिलाच नव्हता, त्यामुळे त्याला तो तपासावासाही वाटला नाही.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. संध्याकाळी थोडा वेळ मिळाला.

भाच्याने मेमरीचं एक्सएमपी प्रोफाइल चालू केलं तेव्हा मेमरीचं व्होल्टेज १.२ वरून १.३५ झालं, ते अपेक्षितच होतं. पण बोर्डाने न विचारता प्रोसेसरमधल्या मेमरीशी बोलणाऱ्या भागांचे आणखी दोन आकडे चढवले, व्हीसीसीआयओ आणि सिस्टिम एजंट. त्यांचं मूळ मान ०.९५ आणि १.०५ आहे. दोन्ही १.२ च्या पुढे गेलेले दिसले. हातानेच खाली आणले, मेमरी रात्रभर तपासली, एकही चूक नाही. एक सेटिंग बदललं की शेजारची चार पुन्हा वाचायची, ही सवय त्याला लागली पाहिजे.

८ ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट सुरू झाली. सप्टेंबरात पावसामुळे खोली २६ अंशांवर होती; आज दुपारी ३३. दोन आठवडे निर्धास्त चाललेल्या यंत्राच्या नोंदवहीत दुपारी दोन वाजता दुरुस्त केलेली एक चूक दिसली, तासाभराने दुसरी.

भाचा नाराज झाला. मला मात्र हे होणारच होतं असं वाटलं. खोली सात अंशांनी तापली तर चिप निदान तेवढी तापते. तापलेलं सिलिकॉन जास्त गळतं, गळतीने प्रवाह वाढतो, प्रवाहाने वाटेतला दाब आणखी खर्च होतो. म्हणजे मागणी वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. आमच्याकडेही रोहित्रं मे महिन्यातच जळतात.

बायोसमध्ये १.३०० होतं ते १.३१५ केलं. पडद्यावर १.२८०, सॉकेटच्या पाठीला मीटर लावला तर १.२५१. तापमान ८६. खिडकी बंद करून, पंखा न लावता, दुपारच्या बारापासून चारपर्यंत रेंडर चालवलं. नोंदवही कोरी राहिली. पुण्यात बसवलेलं सेटिंग पुण्याच्या एप्रिलमध्ये टिकलं पाहिजे. म्हणून तेव्हा पुन्हा याच चाचणीला बसायचं असं तारखेनिशी लिहून ठेवलं.

त्याने विचारलं, झाकण काढून आतला थर बदलला तर? या पिढीत चिप आणि धातूचं झाकण यांच्यामध्ये साधी पेस्ट आहे. २०१८ च्या नवव्या पिढीत वरच्या श्रेणीतल्या प्रोसेसरांना सोल्डर आलं. झाकण उघडून चांगला पदार्थ भरल्यावर तापमान बरंच उतरतं हे खरं आहे. पण त्याच्याकडे एकच प्रोसेसर आहे आणि डिसेंबरात प्रकल्प द्यायचा आहे. नको म्हणालो. त्याने ऐकलं.

१२ ऑक्टोबर

दसरा. सकाळी अवजारांबरोबर यंत्राचीही पूजा केली. बहिणीने कॅबिनेटवर झेंडूचं फूल ठेवलं. हवेच्या जाळीवर नको म्हणून भाच्याने ते बाजूला सरकवलं. मल्टिमीटरलाही हळदकुंकू लागलं. एकतीस वर्षं त्यानेच मला खोटं बोलू दिलं नाही.

दुपारी तो यंत्र परत घेऊन गेला. जाण्याआधी त्याने एक कागद लिहून कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. मी फक्त शब्द सांगितले, आकडे सगळे त्याने मोजलेले. यंत्र उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं तर त्याला हा कागद सापडावा. ज्यांच्या घरी असं यंत्र आहे त्यांनीही असा एक कागद लिहावा, ही माझी विनंती आहे. दुसऱ्याचा आकडा उतरवून घेऊ नये, आणि आपला आकडा कुणाला सांगताना भार किती होता, खोली किती तापली होती आणि प्रोब कुठे ठेवला होता हे त्याच्यासोबत सांगावं.

कागदावर असं आहे:

गुणक ४८. रीत अडॅप्टिव्ह, बायोसमध्ये १.३१५. लोडलाइन मधली पातळी. खोली ३३ अंश, पूर्ण भार, चार तास. पडद्यावर १.२८०. सॉकेटच्या पाठीला मीटरने मोजलेले १.२५१ व्होल्ट. पुढची तपासणी १५ एप्रिल २०२५.